जुलै १५५३ : राजाच्या हातचा कागद आणि पार्लमेंटचा कायदा

इंग्लंडचा राजा सहावा एडवर्ड ६ जुलै १५५३ रोजी ग्रीनिचच्या राजवाड्यात वारला, तेव्हा तो पंधरा वर्षांचा होता. लग्न झालेलं नव्हतं, मूलबाळ नव्हतं. पुढच्या तेरा दिवसांत लंडनमध्ये दोन वेगवेगळ्या स्त्रियांच्या नावानं दवंडी पिटली गेली. १० जुलैला राजाच्या आत्याची नात लेडी जेन ग्रे राणी झाल्याचं जाहीर झालं आणि १९ जुलैला राजाची सावत्र बहीण मेरी ट्यूडर राणी असल्याचं. दोन्ही जाहीरनाम्यांमागं तेच प्रिव्ही कौन्सिल, म्हणजे राजाच्या सल्लागारांचं मंडळ, होतं आणि माणसंही बरीचशी तीच होती.

हा प्रसंग बहुतेक वेळा ‘नऊ दिवसांची राणी’ म्हणून जेनची करुण कहाणी सांगायला वापरला जातो. ती कहाणी खरी आहे आणि आजही वाचताना गलबलून येतं. पण त्या हळहळीत मूळ वाद मागं पडतो असं मला फार वाटतं. राजाला आपल्यानंतर गादीवर कोण बसणार हे स्वतःच्या मर्जीनं ठरवता येतं का? जेनचा पक्ष म्हणत होता, येतं. मेरीचा पक्ष म्हणत होता, पार्लमेंटनं एकदा कायदा केला की राजाचे हातही बांधले जातात. सोळाव्या शतकातल्या इंग्लंडमध्ये या प्रश्नाचं उत्तर कुठल्याच ग्रंथात नव्हतं. ते त्या तेरा दिवसांत, रस्त्यावर आणि राजवाड्यात मिळून ठरलं.

पेच कुठून सुरू झाला

सगळ्याचं मूळ आठव्या हेन्रीच्या लग्नांत आहे. अरागॉनच्या कॅथरीनपासून त्याला १५१६ मध्ये मेरी झाली. मुलगा हवा म्हणून त्यानं ते लग्न १५३३ मध्ये रद्दबातल ठरवून घेतलं, त्यासाठी रोमच्या पोपशी संबंध तोडले. दुसरी राणी अ‍ॅन बुलिन हिच्यापासून एलिझाबेथ झाली. १५३६ मध्ये अ‍ॅनचा शिरच्छेद झाला आणि तेही लग्न रद्द ठरलं. म्हणजे राजाच्या दोन्ही मुली कायद्यानं अनौरस ठरल्या. तिसरी राणी जेन सीमोर हिनं १२ ऑक्टोबर १५३७ ला एडवर्डला जन्म दिला आणि बारा दिवसांत ती गेली.

एकुलत्या एका मुलावर सगळी भिस्त ठेवणं धोक्याचं आहे हे हेन्रीला कळत होतं. म्हणून १५४४ मध्ये पार्लमेंटकडून त्यानं वारसाहक्काचा नवा कायदा करून घेतला. एडवर्ड निपुत्रिक गेला तर मेरी, तिच्यानंतर एलिझाबेथ. त्यापुढचा क्रम राजानं स्वतःच्या सहीच्या मृत्युपत्रानं ठरवावा, अशी मुभाही त्यात होती. डिसेंबर १५४६ च्या मृत्युपत्रात हेन्रीनं तोच क्रम कायम ठेवला. थोरली बहीण मार्गारेट हिचा स्कॉटलंडमधला वंश वगळला आणि धाकटी बहीण मेरी हिच्या मुलींच्या वंशाला एलिझाबेथनंतरची जागा दिली. जेन ग्रे त्या धाकट्या बहिणीची नात.

यात एक विचित्र गाठ राहून गेली. मेरी आणि एलिझाबेथ वारसांच्या यादीत परत आल्या, पण ‘अनौरस’ हा शिक्का कायद्यानं पुसला नाही. हेन्रीला मुली गादीसाठी हव्या होत्या, पण आपली जुनी लग्नं चुकीची नव्हती हे कबूल करायचं नव्हतं. नऊ वर्षांनी जेनच्या पक्षानं नेमकी हीच गाठ पकडली.

धाकटा भाऊ, थोरली बहीण

एडवर्ड नऊ वर्षांचा असताना राजा झाला. राज्य आधी मामा सॉमरसेट आणि नंतर जॉन डडली, म्हणजे पुढचा ड्यूक ऑफ नॉर्थम्बरलंड, यांनी चालवलं. पण या मुलाला नुसतं बाहुलं समजणं चूक आहे. तो स्वतःची रोजनिशी लिहायचा, ग्रीक-लॅटिन शिकला होता, आणि प्रॉटेस्टंट श्रद्धेच्या बाबतीत आपल्या सल्लागारांपेक्षा कडवा होता. मेरी त्याच्यापेक्षा एकवीस वर्षांनी मोठी आणि तितकीच कट्टर कॅथलिक. लॅटिन मास, म्हणजे कॅथलिक उपासनाविधी, कायद्यानं बंद झाल्यावरही तिनं तो आपल्या घरात चालू ठेवला. मार्च १५५१ मध्ये ती लंडनमध्ये आली, तेव्हा तिच्यासोबतच्या स्वारांनी आणि स्त्रियांनी जपमाळा उघड मिरवल्या होत्या. राजाच्या हुकमाला दिलेलं ते सरळ आव्हान होतं. आपण गेल्यावर ही बहीण आपलं सगळं धर्मकार्य उलटवणार, हे एडवर्डला समजत होतं. आणि त्याचा अंदाज पुढं खरा ठरला.

१५५३ च्या सुरुवातीला त्याला खोकला लागला तो हटेना. छातीचा विकार वाढत गेला. उन्हाळ्यापर्यंत राजा वाचत नाही हे दरबारात सगळ्यांना उमगलं होतं.

तो कागद

एडवर्डनं गादीच्या वारसाची योजना स्वतःच्या हातानं लिहून काढली. तो कागद आजही लंडनच्या इनर टेम्पल या वकिलांच्या संस्थेच्या ग्रंथालयात आहे. खाडाखोडीचा आहे, शाळकरी मुलानं लिहावा तसा. या सबंध प्रकरणात याहून बोलका पुरावा नाही.

पहिल्या मसुद्यात मेरी नाही, एलिझाबेथही नाही. गादी जायची होती जेनची आई फ्रान्सिस हिच्या मुलग्यांकडे, त्यानंतर जेनच्या मुलग्यांकडे, मग जेनच्या धाकट्या बहिणींच्या मुलग्यांकडे. गंमत अशी की यातला एकही मुलगा जन्मालाच आला नव्हता. फ्रान्सिसला तीन मुली होत्या आणि जेनचं लग्नही व्हायचं होतं, किंवा नुकतंच झालं होतं. हेन्रीच्या मृत्युपत्रानं ज्यांना हक्क दिला त्या जिवंत वारसांत त्या घटकेला एकही पुरुष नव्हता. तरी एडवर्डला स्त्री गादीवर नकोच होती. इंग्लंडमध्ये तोवर राज्याभिषेक होऊन स्वतःच्या हक्कानं राज्य केलेली राणी झालेली नव्हती. बाराव्या शतकात पहिल्या हेन्रीची मुलगी मटिल्डा हिनं हक्क सांगितला, तेव्हा देशात यादवी माजली होती आणि ती आठवण पुसलेली नव्हती. म्हणून तो न जन्मलेल्या मुलांची वाट पाहत होता. ज्याला आपण अजून काही वर्षं जगू असं वाटतं, त्याची ही योजना आहे.

मग तब्येत ढासळली आणि कागदावर एक दुरुस्ती झाली. ‘लेडी जेनचे पुत्र’ अशा अर्थाचे जे शब्द होते, त्यातलं षष्ठीचं एक अक्षर खोडलं आणि ओळीच्या वर दोन छोटे शब्द घातले. अर्थ झाला, ‘लेडी जेन आणि तिचे पुत्र’. सातबाऱ्यावर एखादं नाव चढवून घेण्यासाठी काय काय उलाढाली होतात हे आपल्याला ठाऊक आहे. इथं एका राज्याचा उतारा लेखणीच्या दोन फटकाऱ्यांत बदलला. हक्काच्या रांगेत जेनच्या पुढं तिची आई होती, हयात आणि धडधाकट. तिला बाजूला सरकावं लागलं.

ही दुरुस्ती कुणाच्या सांगण्यावरून झाली? मे महिन्यात जेनचं लग्न नॉर्थम्बरलंडचा मुलगा गिल्डफर्ड डडली याच्याशी झालं होतं. त्यामुळे सगळा दोष नॉर्थम्बरलंडवर टाकणं सोपं जातं. मला ते अर्धंच पटतं. बहिणींना वगळण्याचा निर्धार राजाचा स्वतःचा होता. पहिला मसुदा सांगतो तो हाच. मात्र शेवटच्या आठवड्यांत ते दोन शब्द घालायला लावण्यात सगळ्यात मोठा लाभ कुणाचा होता, हे लपत नाही. मरणाच्या दारातल्या मुलाची श्रद्धा आणि एका महत्त्वाकांक्षी सरदाराची सोय, दोन्ही एकाच ओळीत भेटल्या.

न्यायाधीशांची कोंडी

जूनच्या मध्यावर मुख्य न्यायाधीशांपैकी एक, सर एडवर्ड माँटेग्यू, आणि त्यांच्या सहकाऱ्यांना राजापुढं बोलावलं. योजनेला कायदेशीर सनदेचं रूप द्या, असा हुकूम. त्यांनी कागद वाचला आणि सांगितलं की हे आम्हाला करता येणार नाही. १५४४ चा कायदा पार्लमेंटचा आहे. तो राजाच्या सनदेनं मोडत नाही, त्याला पार्लमेंटचाच दुसरा कायदा लागतो. शिवाय एडवर्डच्याच कारकिर्दीत, १५४७ मध्ये, हा वारसाक्रम मोडू पाहणं म्हणजे राजद्रोह असं ठरलेलं होतं.

पुढचा प्रसंग माँटेग्यूनं नंतर स्वतःच्या बचावासाठी लिहून ठेवला आहे, त्यामुळे तो थोडा हातचं राखून वाचायला हवा. नॉर्थम्बरलंड संतापानं थरथरत आत आला, त्यानं माँटेग्यूला राजद्रोही म्हटलं आणि या बाबतीत कुणाशीही नुसत्या सदऱ्यावर दोन हात करायची तयारी दाखवली. दुसऱ्या भेटीत आजारी राजानं कठोर शब्दांत हुकूम दिला. पार्लमेंट नंतर भरवून मंजुरी घेऊ, असं आश्वासनही दिलं. म्हातारा माँटेग्यू रडत रडत तयार झाला, पण दोन गोष्टी मागून घेतल्या. हे काम करायचा राजमुद्रेचा लेखी हुकूम आणि या कामाबद्दल आगाऊ माफीपत्र. कायद्याचा माणूस कायदा मोडायच्या आधी माफी लेखी घेतो, यावरूनच त्या सनदेची ताकद त्याच्या लेखी किती होती ते कळतं.

२१ जूनच्या सनदेवर शंभराहून अधिक मातब्बरांनी सह्या केल्या. आर्चबिशप क्रॅनमर शेवटपर्यंत कां-कू करत होता, पण त्यानंही केली. बहिणींना वगळण्याची कारणं सनदेत दिली होती. त्या अनौरस आहेत, राजाशी त्यांचं रक्ताचं नातं सावत्र आहे, आणि त्या परदेशी राजपुत्राशी लग्न करून देश परक्याच्या हाती देतील. यातलं तिसरं कारण पोकळ नव्हतं. मेरीनं पुढच्याच वर्षी स्पेनच्या फिलिपशी लग्न केलं.

न्यायाधीश सर जेम्स हेल्स यांनी मात्र सही केली नाही. ते पक्के प्रॉटेस्टंट होते. मेरी गादीवर येणं त्यांच्या धर्माच्या मुळावर येणार होतं, तरी कायदा तिच्या बाजूचा आहे म्हणून ते अडून राहिले. मेरीच्या राज्यात याच हेल्सनी कॅथलिक मास हा अजून कायद्यानं गुन्हाच आहे असं सांगितलं आणि तुरुंग पाहिला. त्यांचं मन खचलं. सुटल्यावर १५५४ मध्ये त्यांनी पाण्यात बुडून जीव दिला. या प्रकरणातल्या सगळ्या माणसांत मला सर्वांत मोठे तेच वाटतात.

तेरा दिवस

सनद पार्लमेंटपुढं जायच्या आत राजा गेला. बातमी दडवून ठेवली, पण मेरी आधीच सावध झाली होती. तिला भावाच्या भेटीला म्हणून बोलावणं गेलं होतं. कुणीतरी इशारा दिला आणि ती लंडनकडे न येता पूर्वेला नॉरफकमध्ये केनिंगहॉलला निघून गेली. तिथून ९ जुलैला तिनं कौन्सिलला पत्र लिहिलं. सूर याचनेचा नव्हता. पार्लमेंटच्या कायद्यानं आणि वडिलांच्या मृत्युपत्रानं राज्य माझं आहे, तरी भावाच्या मृत्यूची खबर तुम्ही मला दिली नाही याचं आश्चर्य वाटतं, आता माझ्या नावानं दवंडी पिटा. धर्माबद्दल त्यात अवाक्षर नाही. हे तिचं फार मोठं शहाणपण होतं.

त्याच दिवशी जेनला सायन हाऊसमध्ये आणलं गेलं. पेम्ब्रोकसारखे बडे सरदार तिच्यापुढं गुडघे टेकू लागले तेव्हा ती गोंधळली. राजा गेला आणि आता तू राणी, हे कळल्यावर ती कोसळून रडली. हे तिनंच नंतर मेरीला लिहिलेल्या निवेदनात सांगितलं आहे. वय सोळा-सतरा. तीन वर्षांपूर्वी घरचे सगळे शिकारीला गेले असताना रॉजर अ‍ॅस्कम या विद्वानानं तिला एकटीच ग्रीकमधून प्लेटो वाचत बसलेली पाहिलं होतं.

टॉवर ऑफ लंडन या राजाच्या किल्ल्यात पोचल्यावर खजिनदार विंचेस्टरनं मुकुट आणला, डोक्याला नीट बसतो का पाहा म्हणाला, आणि दुसरा एक तुमच्या पतीसाठी घडवू, असंही म्हणाला. इथं ही रडणारी मुलगी ताठ झाली. गिल्डफर्डला राजा करायचं तर पार्लमेंटच्या कायद्यानं, असं तिनं नवऱ्याला बजावलं. आणि शेवटी ड्यूक करीन, राजा करणार नाही, यावर आली. सासू संतापली, नवरा रुसला, पण ती हटली नाही. पार्लमेंटला डावलून मिळालेल्या गादीवर बसलेली राणी नवऱ्याला सांगत होती की मुकुट पार्लमेंटशिवाय मिळत नाही.

लंडनच्या लोकांनी दवंडी मुकाट्यानं ऐकली. जयजयकार जवळजवळ झालाच नाही. खरा हक्क मेरीचा आहे असं बोलून गेलेल्या गिल्बर्ट पॉटर नावाच्या दारूच्या गुत्त्यातल्या पोऱ्याचे कान दुसऱ्याच दिवशी चीपसाइडला चव्हाट्यावर छाटले गेले. पण शांत बसलेल्या हजारोंचे कान कोण छाटणार?

मेरीला पकडायला फौज घेऊन जेनच्या वडिलांनी, सफकच्या ड्यूकनं, जावं असं ठरलं. जेननं डोळ्यांत पाणी आणून त्यांना जवळ ठेवून घेतलं, म्हणून नॉर्थम्बरलंडला स्वतः निघावं लागलं. या एका बदलानं सगळं फिरलं. कौन्सिलला मुठीत धरून ठेवणारा एकमेव माणूस लंडनबाहेर पडला. शोरडिचमधून जाताना तो सोबत्याला म्हणाला, लोक आपल्याला बघायला गर्दी करतायत, पण ‘देव तुमचं भलं करो’ असं एकही म्हणत नाही.

इकडे मेरी फ्रॅमलिंगहॅमच्या किल्ल्यात होती आणि माणसं तिच्याकडे लोटत होती. आधी आसपासचे जमीनदार आणि त्यांची कुळं, मग मोठे सरदार. समुद्रमार्गानं तिनं पळून जाऊ नये म्हणून पूर्व किनाऱ्यावर राजनौका ठेवल्या होत्या. त्यांच्या खलाशांनीच मेरीची बाजू घेतली. ही बातमी टॉवरमध्ये पोचल्यावर कौन्सिलचे पाय लटपटले. १९ जुलैला मंडळी पेम्ब्रोकच्या बेनर्ड्‌स कॅसलमध्ये जमली आणि तिथून बाहेर पडून चीपसाइडला त्यांनी मेरीच्या नावानं दवंडी पिटवली. या वेळी घंटा वाजल्या, टोप्या हवेत उडाल्या, चौकाचौकांत होळ्या पेटल्या. सफकनं टॉवरमध्ये स्वतःच्या हातानं मुलीच्या आसनावरचं छत उतरवलं. दुसऱ्या दिवशी केंब्रिजमध्ये नॉर्थम्बरलंडनंही मेरीच्या नावानं टोपी उडवली, पण आता उशीर झाला होता.

मेरी का जिंकली

पवित्र रोमन सम्राट पाचव्या चार्ल्सचे राजदूत त्या दिवसांत लंडनमध्येच होते. मेरी त्यांच्या मालकाची मावसबहीण. त्यांचा हिशेब साफ होता. टॉवर, खजिना, तोफा, आरमार आणि राजमुद्रा विरोधकांकडे आहे, त्यामुळे मेरीला काही आशा नाही. त्यांनी मोजलं ते सगळं बरोबर होतं. जे मोजलं नाही त्यानं निकाल लागला.

एक तर जमीन. मेरीकडे पूर्व इंग्लंडात मोठ्या मिळकती होत्या, आणि केनिंगहॉल व फ्रॅमलिंगहॅम ही दोन्ही ठाणी तिच्याच ताब्यात होती. ज्या मुलखात ती पोचली तिथले लोक तिला धनीण म्हणून ओळखत होते. नॉर्थम्बरलंडला मात्र त्या मुलखात कुणी चांगल्या नावानं आठवत नव्हतं. १५४९ चं केटचं शेतकरी बंड नॉरफकमध्ये त्यानंच रक्तात बुडवलं होतं, आणि ज्यांच्या घरची माणसं त्यात गेली ती अजून तिथंच राहत होती.

पण नुसत्या जमिनीवर आणि रागावर हे भागत नाही, असं माझं ठाम मत आहे. मेरीला पाठिंबा देणाऱ्यांत प्रॉटेस्टंटही होते. बिशप जॉन हूपर मेरीच्या बाजूनं उभा राहिला, आणि पुढं तिच्याच राज्यात, १५५५ मध्ये, जाळला गेला. अशा माणसाला मेरीकडून काय मिळणार होतं? हेन्रीची मुलगी हीच पुढची वारस, हे नऊ वर्षं देशाला माहीत होतं, कायद्यात छापलेलं होतं. जेनचं नाव लोकांनी दवंडीतच पहिल्यांदा ऐकलं. तिची सनद बंद दाराआड लिहिली गेली, आणि ती लिहिणाऱ्यांनाच तिच्यावर भरवसा नव्हता.

पुढं काय झालं

नॉर्थम्बरलंडचा २२ ऑगस्टला शिरच्छेद झाला. जेनवर १३ नोव्हेंबरला खटला चालून देहान्ताची शिक्षा झाली, पण मेरीचा ती अमलात आणायचा विचार नव्हता. स्पॅनिश लग्नाविरुद्ध जानेवारी १५५४ मध्ये वायटचं बंड झालं. त्यात सफक सामील झाला आणि लेकीचा घात बापानंच केला. १२ फेब्रुवारीला सकाळी आधी गिल्डफर्ड, मग टॉवरच्या आवारात जेन. डोळ्यांवर पट्टी बांधल्यावर तिला मान ठेवायचा ठोकळा सापडेना, ती चाचपडत ‘कुठं आहे तो?’ विचारत राहिली, आणि जवळच्या कुणीतरी तिला हात धरून तिथवर नेलं.

मेरी १ ऑक्टोबर १५५३ ला मुकुट धारण करून इंग्लंडची स्वतःच्या हक्कानं अभिषिक्त झालेली पहिली राणी झाली. एप्रिल १५५४ मध्ये पार्लमेंटनं कायदाच केला की राज्याधिकार पुरुषाकडे असो वा स्त्रीकडे, तो सारखाच असतो. १५५८ मध्ये ती वारली आणि एलिझाबेथ त्याच १५४४ च्या क्रमानं, एक तलवार न उपसता, गादीवर आली. एलिझाबेथच्या पार्लमेंटनं १५७१ मध्ये आणखी पुढचं पाऊल टाकलं. राणी आणि पार्लमेंट मिळून वारसाक्रम ठरवू शकत नाहीत असं म्हणणं, तिच्या हयातीत राजद्रोह ठरलं.

इतकं असूनही १६०३ मध्ये एलिझाबेथ निपुत्रिक गेली तेव्हा हेन्रीचं मृत्युपत्र गुंडाळून ठेवलं गेलं. त्याप्रमाणं हक्क धाकट्या बहिणीच्या वंशाचा होता. पण जेनची बहीण कॅथरीन हिनं गुपचूप केलेलं लग्न एलिझाबेथच्या राज्यात अवैध ठरलं होतं, तिची मुलं अनौरस ठरली होती. मृत्युपत्रानं वगळलेल्या स्कॉटिश वंशातल्या सहाव्या जेम्सला, स्कॉटलंडच्या राजाला, कौन्सिलनं बोलावलं आणि देशानं त्याला निमूट स्वीकारलं. पार्लमेंटनं त्याच्या हक्काला मान्यता दिली ती नंतर, १६०४ मध्ये. १५५३ च्या निकालाला कायद्याचा विजय म्हणणाऱ्या मला हे १६०३ नेहमी अडवतं. त्या वेळीही लेखी कायदा एका बाजूला होता, पण त्याच्यासाठी फ्रॅमलिंगहॅमला कुणी जमलं नाही. हा प्रश्न कागदावर पक्का सुटायला १७०१ चा वारसाहक्काचा कायदा यावा लागला. त्यात पार्लमेंटनं हक्कानं पुढं असलेल्या कितीतरी कॅथलिक वारसांना ओलांडून हॅनोव्हरच्या सोफियाचा वंश निवडला, आणि आजचा राजघराण्याचा हक्क त्याच कायद्यावर उभा आहे. मुलग्याला मुलीच्या आधी हक्क देणारा नियम मात्र टिकून राहिला. तो २०१३ च्या कायद्यानं, २८ ऑक्टोबर २०११ नंतर जन्मलेल्यांसाठी, रद्द झाला.